ध्यानमग्न इलेक्ट्रॉनिक संगीत : आरोग्याच्या पानावरून संगीताच्या पानावर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही काळात आपल्या दैनिकाच्या पुरवण्यांमध्ये सिंथेसायझरच्या थरांतून घडवलेल्या संथ, ध्यानमग्न इलेक्ट्रॉनिक अल्बमांविषयी बरेच लिहून येऊ लागले आहे. या संगीतावर मनापासून प्रेम करणारा श्रोता म्हणून मला त्याचा आनंद होतो. तरीही एक गोष्ट खटकते आणि तिच्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. हे अल्बम आपल्या पानांवर येतात ते आरोग्यविषयक मजकुरात; झोप लागत नसेल, मन थाऱ्यावर नसेल, कामात लक्ष लागत नसेल तर काय ऐकावे, अशा सल्ल्यांच्या ओघात त्यांची नावे दिली जातात. संगीताच्या पानावर, जिथे मैफिलींचे वृत्तान्त आणि नव्या ध्वनिमुद्रणांची परीक्षणे छापली जातात, तिथे त्यांना जागा मिळत नाही. माझे म्हणणे असे की हे अल्बम आधी रचना आहेत. ऐकणाऱ्याला शांत वाटते हा त्या रचनेचा परिणाम आहे, आणि परिणामाचे कौतुक करताना रचनेकडे पाठ फिरवली तर चांगला अल्बम कोणता आणि नुसती भरताड कोणती, हे वाचकाला कधीच कळणार नाही.

या संगीतावरचा नेहमीचा आक्षेप असा असतो की त्यात काही घडतच नाही. ताल नाही, गायक नाही, लक्षात राहील अशी चाल नाही, म्हणजे एक सूर दाबून धरला की झाले, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. प्रत्यक्षात त्या एका दाबून धरलेल्या सुरात काय चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. सिंथेसायझरमध्ये ध्वनी निर्माण करणारा जो भाग असतो त्याला ऑसिलेटर म्हणतात. एक ऑसिलेटर २२० हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला २२० कंपनांवर) आणि दुसरा २२०.५ हर्ट्झवर लावला, तर कानाला दोन वेगळे सूर ऐकू येत नाहीत. एकच सूर ऐकू येतो आणि तो दर दोन सेकंदांनी एकदा फुलतो व ओसरतो, कारण दोन्ही कंपनांतील फरक अर्ध्या हर्ट्झचा असतो. आता तिसरा ऑसिलेटर आणखी किंचित हलवून लावला की फुलण्या-ओसरण्याच्या तीन वेगवेगळ्या गती एकमेकींत गुंततात आणि तो सूर श्वास घेतल्यासारखा जिवंत होतो. जुन्या अॅनालॉग यंत्रांत तर ऑसिलेटर तापमानाप्रमाणे स्वतःहून थोडे सरकतही असत. वादकाला ते पुन्हा पुन्हा जुळवावे लागत आणि तरीही त्यांची ती अस्थिरता ध्वनीत उतरत असे. हा सगळा एकाच थराचा मामला झाला, आणि अशा अल्बमात एका वेळी असे अनेक थर चालू असतात.

फिल्टरचे काम तर याहून विलक्षण आहे. करवतीच्या दातांसारखा आकार असलेल्या ध्वनिलहरीत मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा सगळ्या कंपनसंख्यांचे उपस्वर असतात. वरचे उपस्वर अडवणारा फिल्टर आधी जवळजवळ बंद ठेवायचा आणि मग दोन-तीन मिनिटे घेऊन तो हळूहळू उघडत न्यायचा, ही या संगीताची एक मूलभूत क्रिया आहे. ती होत असताना उपस्वर एकामागून एक उजेडात येतात आणि श्रोत्याला वाटते की नवा स्वर लागला. वस्तुतः वादकाने कोणतीही नवी पट्टी दाबलेली नसते. उत्तम लागलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तोही खर्जाचा पाचवा उपस्वरच असतो. जवारी, म्हणजे घोडीवरची तारेची बारीक जुळवणी, नीट बसली की तो गांधार आपोआप प्रकट होतो, हे जाणणाऱ्या कानाला सिंथेसायझरचा फिल्टर उघडताना काय घडते ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच आपल्याकडचा रसिक या संगीतासमोर अडाणी ठरेल, ही भीती मला निराधार वाटते. विलंबित ख्यालातील पहिली पंधरा मिनिटे ज्याने मन लावून ऐकली आहेत, त्याच्याकडे या संगीतासाठी लागणारा धीर आधीपासूनच आहे.

हे नाते केवळ कल्पनेतले नाही. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि ला माँट यंग, मॅरियन झाझीला व टेरी रायली या अमेरिकन कलावंतांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. दीर्घकाळ टिकवलेल्या नादाचा विचार पाश्चात्त्य प्रयोगशील संगीतात रुजवणाऱ्यांत यंग आणि रायली ही नावे अग्रभागी येतात. यंग यांचे या दिशेचे काम प्राणनाथांच्या भेटीआधीच सुरू झाले होते, हेही सांगितले पाहिजे, कारण सगळे काही आपल्याकडूनच गेले असे म्हणण्याचा मोह अशा ठिकाणी फार लवकर होतो. पण स्वराच्या आत शिरून तो न्याहाळण्याची जी शिस्त किराणा घराण्यात आहे, तिची ओढ या संगीतकारांना वाटली, एवढे निश्चित.

थर रचण्याची ही पद्धत यंत्रांच्या मर्यादेतूनही वाढली. सिंथेसायझर घडवणारे अमेरिकन अभियंते रॉबर्ट मूग यांनी आपल्या मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग तारांनी जोडून वापरायच्या, यंत्राचा पहिला नमुना १९६४ मध्ये लोकांसमोर ठेवला, १९७० मध्ये मिनीमूग आला, आणि ही यंत्रे एका वेळी एकच स्वर वाजवत. स्वरसंगती हवी असेल तर एक स्वर टेपवर मुद्रित करायचा, टेप मागे न्यायची, त्यावर दुसरा वाजवायचा, मग तिसरा. जर्मनीतील टँजरिन ड्रीम हा वाद्यवृंद आणि संगीतकार क्लाउस शुल्झे यांनी सत्तरच्या दशकात याच यंत्रांवर आणि सिक्वेन्सरवर (ठरवून दिलेले स्वर आपोआप क्रमाने वाजवणाऱ्या उपकरणावर) अल्बमची एक संपूर्ण बाजू व्यापणाऱ्या रचना केल्या. १९७८ च्या प्रॉफेट-५ या यंत्रावर पाच स्वर एकदम वाजवता येऊ लागले आणि जुळवलेला ध्वनी यंत्राच्या स्मृतीत साठवता येऊ लागला. त्यानंतर वादकाचे लक्ष स्वर जमवण्यापेक्षा त्यांचे येणे-जाणे घडवण्याकडे अधिक वळले, असे मला वाटते.

ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांचा उल्लेख आपल्या पुरवणीतील लेखांत हमखास असतो, आणि त्यांचे एक वाक्य अर्धवट वापरले जाते. १९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ या अल्बमसोबतच्या टिपणात त्यांनी लिहिले होते की हे संगीत जितके दुर्लक्ष करता येण्याजोगे असावे तितकेच ते लक्ष वेधणारेही असावे. यातला पहिला अर्धा भाग सर्वांना पाठ आहे. दुसरा मात्र कुठेच दिसत नाही. त्याच टिपणात त्यांनी दुकानांत आणि उद्वाहनांत वाजणाऱ्या पार्श्वसंगीतापासून आपले काम स्पष्टपणे वेगळे केले आहे. तसले पार्श्वसंगीत वातावरणातील शंका आणि अनिश्चितता पुसून टाकते आणि आपल्याला नेमक्या त्या राखायच्या आहेत, असा त्यांचा मुद्दा आहे. म्हणजे ज्याला आपण गुंगी आणणारे संगीत म्हणून वाचकांपुढे ठेवतो, त्याच्या कर्त्याला विचार करायला मोकळी जागा देणारे संगीत अभिप्रेत होते.

ईनो यांची रीतही समजून घ्यावी अशी आहे. या अल्बमच्या दुसऱ्या भागात मानवी आवाजातील सुटे दीर्घ स्वर वेगवेगळ्या लांबीच्या टेपच्या वेटोळ्यांवर घेतलेले आहेत आणि ती सगळी वेटोळी एकाच वेळी फिरत राहतात. लांबी एकमेकींना जुळणारी नसल्यामुळे स्वरांच्या जुळण्या सतत बदलतात. याचे गणित कागदावर मांडून पाहावे. ७, ११ आणि १३ सेकंदांची तीन वेटोळी एकदम सुरू केली, तर ती पुन्हा एकत्र सुरुवातीला यायला १००१ सेकंद, म्हणजे १६ मिनिटे ४१ सेकंद लागतात. त्यात १७ सेकंदांचे चौथे वेटोळे घातले की हा काळ एकदम ४ तास ४३ मिनिटांच्या पुढे जातो. सामग्री केवळ चार स्वरांची, आणि तरीही एका बैठकीत तीच मांडणी दुसऱ्यांदा ऐकू येणे कठीण. अर्थात नुसत्या गणितातून संगीत होत नाही. कोणते चार स्वर घ्यायचे, त्यातील कोणतेही दोन योगायोगाने एकत्र आले तरी ते कानाला सोसतील का, कोणता स्वर किती वेळ मौन पाळेल, हा निर्णय रचनाकाराचा असतो आणि परीक्षकाने तपासायचा तो हाच निर्णय. याच अल्बमचा शेवटचा भाग ईनो यांनी केवळ सिंथेसायझरवर केला आहे. तो मला पहिल्या तिन्ही भागांपेक्षा जास्त आवडतो, कारण त्यात स्वर कुठून सुरू झाला ते सांगता येत नाही.

निव्वळ सिंथेसायझरच्या थरांवर उभ्या असलेल्या अल्बमचे उदाहरण म्हणून मी अमेरिकन संगीतकार स्टीव्ह रोच यांच्या १९८४ मधील ‘स्ट्रक्चर्स फ्रॉम सायलेन्स’चे नाव घेईन. यात तीनच रचना आहेत आणि अल्बमचेच नाव धारण करणारी शेवटची रचना २८ मिनिटांहून मोठी आहे. मऊ स्वरसंगती हळूच वर येते, क्षणभर थांबते आणि मागे सरते. तिचा घुमारा पूर्ण विरण्याच्या आत पुढची उमलू लागते. पहिल्या पाच मिनिटांत ही चाल कळते आणि आता हेच चालणार असे वाटते. इथून पुढे खरे ऐकणे सुरू होते. प्रत्येक स्वरसंगतीच्या शेवटी किती शांतता सोडली आहे ते समान नाही. वरच्या अंगाला अधूनमधून एखादा सुटा स्वर येतो, कधी तो स्वरसंगतीच्या आत सामावतो, कधी तिच्या कडेला राहून थोडा ताण निर्माण करतो. खालचा खर्ज काही वेळा मुद्दाम काढून घेतलेला असतो, आणि तो परत आल्यावर कळते की मघापासून आपण त्याची वाट पाहत होतो. एवढ्या दीर्घ रचनेत ऐकणाऱ्याचा श्वास संथ होतो, हे खरे आहे. पण तो संथ व्हावा अशी प्रत्येक जागा कोणीतरी बसून घडवली आहे, हेही तितकेच खरे आहे, आणि आपल्या पानांवर या दुसऱ्या गोष्टीबद्दल एक ओळही येत नाही.

फ्रेंच संगीतकार एलियान रादिग यांच्याबद्दल लिहिताना हात आवरणे मला कठीण जाते. पिएर शेफर आणि पिएर ऑन्री या फ्रेंच संगीतकारांबरोबर टेपसंगीताचे (टेपवर मुद्रित ध्वनी कापून-जोडून केलेल्या संगीताचे) काम केल्यावर सत्तरच्या दशकात त्यांनी एआरपी २५०० हे मॉड्युलर सिंथेसायझर घेतले, आणि त्याची पट्ट्यांची पेटी त्यांनी जाणीवपूर्वक दूर ठेवली. पट्टी हाताशी असली की बोटे सवयीने सुरावट वाजवू लागतात, आणि त्यांना सुरावट नको होती. एकाच ध्वनीच्या पोटात चाललेला बदल त्यांना हवा होता. त्याच दशकात त्या तिबेटी बौद्ध साधनेकडे वळल्या, काही वर्षे संगीत पूर्ण बाजूला ठेवले आणि मग त्याच यंत्राकडे परतल्या. १९८८ ते १९९३ या काळात पूर्ण झालेली ‘त्रिलोजी द ला मोर’ ही त्यांची सुमारे तीन तासांची कृती तीन भागांत आहे आणि तिचा मधला भाग म्हणजे कैलास पर्वताभोवतीची एक काल्पनिक परिक्रमा आहे. या संगीतात एक थर दुसऱ्याला जागा देतो तेव्हा तो बदल होत असताना कळत नाही; झाल्यावर कळतो. मागे वळून पाहावे तर नेमका कोणत्या मिनिटाला रंग पालटला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. ‘ध्यान’ हा शब्द मला इथे सर्वांत सार्थ वाटतो, कारण रादिग यांचे संगीत ऐकणाऱ्याला निजवत नाही, त्याला कमालीचे जागे ठेवते.

आता दुसरी बाजू. या नावाखाली खपणारे पुष्कळसे संगीत सामान्य असते आणि ते तसे आहे असे कोणीतरी लिहायला हवे. यंत्रात तयार मिळणारा एक मऊ पॅड (लांबत राहणारा स्वरसंगतीचा ध्वनी) घ्यायचा, त्याला भरपूर रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) द्यायचा, वर पाखरांचा किलबिलाट, खाली पाण्याची खळखळ, आणि दर चार मिनिटांनी तेच पुन्हा चिकटवायचे, असे अल्बम ढिगाने निघतात. रिव्हर्बच्या धुक्यात कच्चेपणा सहज लपतो. त्यांची पारख करण्यासाठी मी काही जागा ऐकतो. एक थर निघून जातो तेव्हा उरलेले संगीत उघडे पडते का, की त्या जाण्याने खालचे काही नव्याने ऐकू येते? मंद्र भागात दोन थर एकमेकांवर आदळून नुसती गुरगुर होते का? पुनरावृत्ती आली तर ती तशीच आली आहे, की तिच्याभोवतीचे काही बदलले आहे? शेवट कुठे होतो, की आवाज फक्त कमी करत नेला आहे? जाणकार परीक्षकाला याहून चांगले प्रश्न सुचतील. झोप लागते की नाही, या एकाच कसोटीवर मात्र रादिग आणि ही भरताड एकाच रांगेत येऊन बसतात, आणि हा अन्याय मला सहन होत नाही.

आरोग्याच्या पानाबद्दल एक गंभीर तक्रारही नोंदवतो. ४४० हर्ट्झऐवजी ४३२ हर्ट्झच्या स्वराला जुळवलेले संगीत शरीर बरे करते, अमुक कंपनसंख्येने अमुक अवयव सुधारतो, अशी विधाने कोणत्याही शंकेविना छापली जातात. ४४० हर्ट्झ हा वाद्ये एकमेकांशी जुळावीत म्हणून ठरवलेला आंतरराष्ट्रीय मानक स्वर आहे. त्यात अपायकारक काही नाही आणि ४३२ मध्ये औषधी गुण असल्याच्या दाव्याला भक्कम वैज्ञानिक आधार नाही. संथ संगीताने मनाला स्वस्थता लाभते, हा अनेकांचा अनुभव आहे आणि माझाही आहे. तो सांगायला अशा दाव्यांची गरज पडत नाही. उलट अशा दाव्यांमुळे जाणते श्रोते या संगीताकडे संशयाने पाहतात आणि त्याचा फटका प्रामाणिक रचनाकारांना बसतो.

हे संगीत ऐकावे कसे, यावरही वाचकांना मार्गदर्शन मिळायला हवे, कारण मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्जाचे थर ऐकूच येत नाहीत आणि मग उरते ते पातळ, कंटाळवाणे गुणगुणणे. साधे पण बरे हेडफोन पुरतात. अल्बम क्रमाने ऐकावा, ट्रॅक आलटून-पालटून वाजवण्याची सोय बंद ठेवावी आणि दोन ट्रॅकच्या मधे खंड पडत असेल तर यंत्रातील ती मांडणी बदलून घ्यावी. दोन भाग एकमेकांत मिसळावेत अशी रचना असताना मधेच सेकंदभर सन्नाटा येणे म्हणजे आलाप मधेच तोडणे आहे. स्ट्रीमिंग सेवांच्या हिशेबाचाही इथे संबंध येतो. स्पॉटिफायवर ट्रॅक ३० सेकंद वाजला की एक श्रवण मोजले जाते. त्यामुळे २८ मिनिटांची सलग रचना आणि दोन मिनिटांचा तुकडा यांना समान मोल मिळते, आणि दीर्घ रचना करणाऱ्यावर तिचे तुकडे पाडण्याचा दबाव येतो. आपल्या सांस्कृतिक वार्ताहरांनी या विषयावर एकदा सविस्तर लिहावे, असे मला मनापासून वाटते.

माझी विनंती फार मोठी नाही. संगीताच्या पानावर अधूनमधून अशा एका अल्बमचे सविस्तर परीक्षण यावे आणि ते अल्बम सलग, निदान दोनदा ऐकलेल्या व्यक्तीने लिहिलेले असावे. रचनांची लांबी, वापरलेली यंत्रे ठाऊक असल्यास त्यांची नावे, थर कसे रचले आहेत आणि परीक्षकाच्या मते कुठे ते फसले आहेत, एवढे त्यात असावे. रागसंगीतावर लिहिणाऱ्या आपल्या समीक्षकांपैकी कोणी हे काम हाती घेतले तर मला विशेष आवडेल, कारण स्वराच्या लगावाविषयी बोलण्याची भाषा त्यांच्याजवळ तयार आहे. सुरुवात ‘स्ट्रक्चर्स फ्रॉम सायलेन्स’पासून करता येईल, रादिग यांची तीन तासांची कृती नंतर घ्यावी. आरोग्याच्या पानावरील शिफारशी चालू राहिल्या तरी माझी हरकत नाही, फक्त तिथेही संगीतकाराचे नाव आणि अल्बमचे वर्ष छापले जावे. सध्या पुष्कळदा तेही नसते.

कळावे,
आपला एक वाचक